चुनखडीचा आंकडा आणि बाटलींतील द्रावण

मृगाच्या सरी पडण्याच्या अगोदर संत्र्याच्या कलमांची चौकशी आपल्या जिल्ह्यांत दरसाल सुरू होते. मंगरूळपीर व कारंजा ह्या तालुक्यांतील बागा पाहून रिसोड, मालेगांव, मानोरा ह्या बाजूच्या शेतकऱ्यांच्याहि मनांत येतें कीं, सोयाबीन व तूर ह्यांच्या फेऱ्यांतून दोन-तीन एकर मोकळे करून एकदां बाग उभी करावी. मनुष्य कलमांचा दर विचारतो, विहिरीचें पाणी वैशाखांत किती टिकतें तें पाहतो, ठिबकाच्या नळ्यांचा हिशेब करतो. परंतु आपल्या जमिनींत मुक्त चुना शेंकडा किती आहे हें विचारणारा विरळा; आणि तो आंकडा हातीं आल्यावर तो काढला कसा, हें विचारणारा तर मला अद्यापि भेटलेला नाहीं. मीं स्वतःहि तो प्रश्न विचारला नव्हता. त्याची किंमत मीं दोन एकर बागेच्या रूपानें दिली आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्या काळ्या जमिनी काळ्या पाषाणाच्या, म्हणजे बेसाल्टच्या, झिजेपासून झालेल्या आहेत. त्या पाषाणांतला चुना पावसाच्या पाण्याबरोबर खालीं उतरतो आणि पाणी आटलें कीं तेथेंच चुनखडीच्या रूपानें सांचतो. नांगराच्या तासांत पांढरे खडे वर येतात ते हेच. कपाशी, ज्वारी, हरभरा हीं पिकें त्यांस फारशी भीक घालीत नाहींत. संत्र्याचें तसें नाहीं. जमिनींत लोह भरपूर असतें, परंतु चुनखडीच्या सहवासांत तें मुळांस उचलतां येईल अशा रूपांत राहत नाहीं. मग नवी पालवी पिवळी फुटते, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि झाड वर्षानुवर्षें खुरटत जातें. मुक्त चुना शेंकडा १० च्या आंत असेल तरच संत्र्याची लागवड करावी, अशी सर्वसाधारण शिफारस आहे. वरच्या वीतभर मातीचा आंकडा पाहूनहि भागत नाहीं. मुळें जेथवर जावयाचीं तेथवरचे, म्हणजे दोन-तीन फूट खोलीपर्यंतचे, थर निरनिराळे तपासावे लागतात, कारण चुना पुष्कळदां खालच्या थरांतच अधिक असतो.

कित्येक म्हणतील कीं, आमच्याजवळ जमीन आरोग्य पत्रिका आहे. ही योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजीं राजस्थानांतील सुरतगड येथें सुरू झाली, आणि तिनें माती तपासून घेण्याची संवय खेड्यापाड्यांत नेली, हें तिचें श्रेय मी नाकारीत नाहीं. परंतु त्या पत्रिकेंतले बारा घटक एकदां सावकाश वाचून पाहावे: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबें, मंगल आणि बोरॉन. ह्या बारांत मुक्त चुना नाहीं. सामू दिला आहे, मग चुना कळलाच, अशी एक समजूत आहे. ती खोटी आहे. चुनखडी असलेल्या जमिनीचा सामू आठ-सव्वाआठच्या आसपास येऊन ठरतो. चुना शेंकडा ४ असो कीं २० असो, तो तेथून फारसा हलत नाहीं. अल्कता किती तीव्र आहे एवढेंच सामू सांगतो, तिचा सांठा किती आहे तें सांगत नाहीं. विहिरींत पाणी किती फुटांवर लागलें तेवढें पाहून विहिरींत पाणी किती आहे हें कोणी सांगूं लागला, तर आपण त्यास विचारूं कीं बाबा, विहिरीचा घेर किती?

दुसरी एक रीत जुन्या शेतकऱ्यांस ठाऊक आहे. मातीच्या ढेंकळावर अम्लाचे चार थेंब टाकावे. चुना असला तर फसफसून फेंस येतो. रीत चांगली आहे, बांधावर उभें राहून करतां येते. परंतु फेंस पाहून शेंकडा ९ आणि शेंकडा १४ ह्यांत भेद करणारा डोळा मीं अजून पाहिला नाहीं.

महसूल खात्याच्या दप्तरांत ज्याची उमेद गेली त्यास ही गोष्ट दुसऱ्या वाटेनें परिचित असते. पूर्वीं जिला आणेवारी म्हणत ती पैसेवारी ठरविण्याचें काम मीं अनेक हंगाम जवळून पाहिलें आहे. नजरअंदाज पैसेवारी म्हणजे शिवारांत फिरून, उभें पीक पाहून केलेला अंदाज. गांव ५० पैशांच्या खालीं गेलें तर टंचाईच्या सवलती, वर राहिलें तर नाहीं. जें गांव तीस पैशांत आहे किंवा ऐंशी पैशांत आहे तेथें नजर चुकली तरी निकाल फिरत नाहीं. परंतु अठ्ठेचाळीस आणि बावन्न ह्यांच्या मधल्या गांवीं नजरेचा काय उपयोग? म्हणूनच ठराविक मापाचा तुकडा आंखून, तेवढेंच पीक कापून, मळून, तोलून पाहण्याचे प्रयोग करावे लागतात. संत्र्याची शेंकडा १० ची रेषा ह्याच जातीची आहे. तिच्या आसपासची जमीन तोलूनच पाहिली पाहिजे, आणि चुना तोलण्याचा तराजू म्हणजे खुणा कोरलेली, खालीं चावी असलेली काचेची एक नळी होय.

ह्या नळीला ब्युरेट म्हणतात आणि तिनें करावयाच्या क्रियेस टायट्रेशन. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यास अनुमापन असा शब्द आहे. मीं रसायनशास्त्र शाळेंत शिकलों नाहीं, उतारवयांत दुसऱ्याच्या हाताकडे पाहून शिकलों. म्हणून जसें मला समजलें तसेंच सांगतों. अम्ल व अल्क हे एकमेकांस मारतात, आणि ठराविक प्रमाणांतच मारतात. एकाची शक्ति ठाऊक असली आणि त्याचें किती माप खर्चीं पडलें तें मोजलें, कीं दुसऱ्याचा सांठा त्रैराशिकानें निघतो. लढाई संपली केव्हां हें डोळ्यांस दिसावें म्हणून रंग बदलणाऱ्या द्रव्याचे दोन थेंब त्यांत घालतात. फिनॉल्फथॅलिन हें त्यांपैकीं एक. अम्लांत तें बिनरंगी राहतें. अम्ल संपून अल्काचा अंश उरला कीं गुलाबी होतें.

मातीच्या बाबतींत क्रिया अशी. वाळवून चाळलेली माती ५ ग्रॅम घ्यावयाची आणि तिच्यावर नॉर्मल शक्तीचें हायड्रोक्लोरिक अम्ल १०० मिलिलिटर घालून तासभर मधून मधून ढवळावयाचें. (नॉर्मल हें रसायनशाळेंतलें शक्तीचें ठरीव माप आहे, एक लिटर पाण्यांत शुद्ध कॉस्टिक सोडा ४० ग्रॅम असला तर तो नॉर्मल, आणि त्याचा एक मिलिलिटर नॉर्मल अम्लाच्या बरोबर एका मिलिलिटरास मारतो.) मातींतला चुना आपल्या वांट्याचें अम्ल खाऊन टाकतो, बाकीचें उरतें. वर निवळलेलें पाणी २० मिलिलिटर काढून घेऊन त्यांत ब्युरेटमधून नॉर्मल कॉस्टिक सोडा थेंब थेंब सोडतात. प्रत्येक थेंबासरशी एक गुलाबी ढग उमटतो आणि भांडें हालवतांच नाहींसा होतो. शेवटीं एक थेंब असा येतो कीं, फिकट गुलाबी रंग जातच नाहीं. तेथें चावी बंद करून नळीवरचा आंकडा वाचावयाचा. हीच क्रिया माती न घातलेल्या अम्लावरहि एकदां करून ठेवतात. तिला आपण कोरी तपासणी म्हणूं. कोऱ्या तपासणीच्या आंकड्यांतून मातीचा आंकडा वजा करून बाकीस पांचानें गुणलें, कीं मुक्त चुना शेंकडा किती तें आलें. पांच कोठून आले हें ज्यांना पाहिजे त्यांच्यासाठीं: नॉर्मल अम्लाचा एक मिलिलिटर ०.०५ ग्रॅम चुनखडी खातो. १०० पैकीं २० च घेतलें म्हणून पांचपट. ५ ग्रॅमवरून १०० ग्रॅमवर जावयाचें म्हणून वीसपट. कोऱ्या तपासणींत २० मिलिलिटर लागले आणि मातीच्या तपासणींत १७.२ लागले, तर बाकी २.८, आणि चुना शेंकडा १४.

हा चवदाचा आंकडा मीं उदाहरणादाखल मनानें घेतलेला नाहीं. तो माझ्याच शेताचा आहे.

लागवडीपूर्वीं मीं दोन एकरांतील मातीचा नमुना एका प्रयोगशाळेंत दिला होता. कागद आला त्यावर मुक्त चुना शेंकडा ९.५ असें लिहिलें होतें. दहाच्या आंत, म्हणजे नियमांत बसतें; आणि नियमांत बसलें कीं कारकुनाच्या मनांतला संशय संपतो. मीं जंभेरीच्या खुंटावरचीं कलमें आणून लावलीं. पहिलीं दोन वर्षें झाडें बरीं दिसलीं. तिसऱ्या वर्षीं पालवी पिवळी फुटूं लागली. फेरस सल्फेटच्या फवारण्या केल्या. पंधरा दिवस पानें हिरवीं दिसत आणि पुन्हां पूर्ववत् होत. कोणी म्हणे पाणी जास्त होतें, कोणी म्हणे पाणी कमी होतें, कोणी म्हणे कलमेंच खोटीं. पांचव्या वर्षीं शेजारच्या बागेंतून आंबिया बहाराचीं फळें गाडींत भरलीं जात होतीं, तेव्हां माझ्या झाडांवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं फळें होतीं, आणि तींहि लिंबाएवढीं. ठिबकाचें कर्ज मात्र पूर्ण वाढीचें होतें.

दप्तरांतली एक संवय ह्या वेळीं उपयोगी पडली. जो कागद बाहेर जावयाचा त्याची स्थळप्रत राहिली पाहिजे, हा आमचा धर्म. नमुना पाठवितांना मातीचीहि अर्धी वांटणी मीं डब्यांत घालून, वर तारीख व गट क्रमांक लिहून, माळ्यावर ठेवली होती. महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकविणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांनीं तीच माती माझ्या समोर तपासली. एकदां नव्हे, तीनदां. तिन्ही वेळां उत्तर चवदाच्या जवळच आलें. मग त्यांनीं माझा जुना कागद पाहिला आणि विचारलें, “कोऱ्या तपासणीचा आंकडा कोठें आहे? आणि सोड्याची बाटली केव्हां तपासलेली होती?” कागदावर दोन्हीहि नव्हतें.

त्यांनीं तेथल्या तेथें केलेला हिशेब वाचकांनीं स्वतः करून पाहावा. माझ्या मातीसाठीं खऱ्या नॉर्मल सोड्याचे १७.२ मिलिलिटर लागतात. समजा, सोडा जुना होऊन त्याची शक्ति शंभरांत पांच कमी झाली आहे. मग तेंच काम करण्यास तो अधिक लागेल: १७.२ भागिले ०.९५, म्हणजे १८.१. कोरी तपासणी प्रत्यक्ष न करतां ती २० च असणार असें गृहीत धरलें, तर २० वजा १८.१, बाकी १.९, गुणिले पांच, साडेनऊ. माझ्या कागदावर साडेनऊच होते. त्या प्रयोगशाळेंत असेंच घडलें असें मी शपथेवर सांगूं शकत नाहीं, आणि म्हणून तिचें नांवहि घेत नाहीं. परंतु बाटलींतली पांचाची तूट कागदावर चवदाचे साडेनऊ करूं शकते, हें गणित आहे. त्यास साक्षीदार लागत नाहीं. आणि कोरी तपासणी केली, पण सोड्याची शक्ति मात्र डोळे मिटून पूर्ण धरली, तर चूक उलट दिशेस जाते. दोन्ही आंकडे सारख्याच प्रमाणांत फुगतात, बाकीहि फुगते, आणि खऱ्या ९.५ चे कागदावर १० होतात. मग चांगली जमीन नापसंत होऊन एखाद्याची बाग लावावयाची राहून जाते. तें नुकसान कोणाच्या दृष्टीसहि पडत नाहीं.

कॉस्टिक सोडा हा असा दगा कां देतो? कारण तो मिठासारखा सरळ जिन्नस नाहीं. त्याच्या पापड्या तराजूच्या पारड्यांत असतांनाच हवेंतली ओल ओढून घेतात. चाळीस ग्रॅम तोलले त्यांत सोडा किती व पाणी किती हें तराजू सांगत नाहीं. द्रावण करून ठेवलें तरी बूच सैल राहिलें कीं हवेंतला कर्बद्विवायु त्यांत मुरतो आणि कॉस्टिकाचा कांहीं भाग धुण्याच्या सोड्यांत बदलतो. हायड्रोक्लोरिक अम्लाचीहि हीच कथा. त्याची बाटली उघडतांच धूर निघतो, आणि तो धूर म्हणजे त्याची जाणारी शक्तिच होय. म्हणून बाटलीवर नॉर्मल असें लिहिलें आहे एवढ्यावर विश्वास ठेवणें म्हणजे सातबारावर विहीर लिहिली आहे म्हणून मोट जुंपणें होय.

सुदैवानें कांहीं जिन्नस असे आहेत कीं जे तोलले तेवढेच भरतात. ऑक्झॅलिक अम्लाचे खडे हा त्यांपैकीं एक. शुद्ध खडे ६.३ ग्रॅम तोलून पाण्यांत विरघळवून द्रावण बरोबर १०० मिलिलिटर केलें, कीं तें नॉर्मल झालें. त्यांतलें १० मिलिलिटर घ्यावें, फिनॉल्फथॅलिनचे दोन थेंब घालावे आणि आपला संशयित सोडा ब्युरेटमधून सोडावा. १० मिलिलिटरांस गुलाबी रंग टिकला तर सोडा खरा. १०.५ लागले तर १० भागिले १०.५, म्हणजे ०.९५, बाटलीवर तो आंकडा तारखेसह लिहावा आणि पुढील प्रत्येक हिशेबास त्यानें गुणावें. द्रावण फेंकून देण्याचेंहि कारण नाहीं. सोडा कमी शक्तीचा असणें हा दोष नव्हे. किती कमी आहे हें ठाऊक नसणें हा दोष. अम्लाच्या बाटलीसाठीं हेंच काम तापवून कोरडा केलेला शुद्ध धुण्याचा सोडा करतो. तो लिटरास ५३ ग्रॅम घातला कीं नॉर्मल होतो. हें सारें अर्ध्या तासाचें काम आहे.

जुन्या मोजणीच्या साखळीचा नियम येथें आठवतो. तेहतीस फुटांची साखळी, तेवढ्याच बाजूचा चौरस म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. परंतु शेतोशेतीं ओढून साखळीच्या कड्या झिजतात आणि ती लांबते. लांबली कीं प्रत्येक शेत कागदावर आंखूड भरतें. म्हणून ती मधून मधून ठरीव मापाशीं ताडून पाहावयाची असते. ती ताडली नाहीं तर भूमापक कितीहि प्रामाणिक असो, बांधाबांधांवर भांडणें लागावयाचींच. ब्युरेटचा सोडा ही रसायनशाळेची साखळी आहे.

ही विद्या महाविद्यालयांत जन्मली असा समज असेल तर तोहि चुकीचा आहे. ती बाजारांत जन्मली. अठराव्या शतकांत युरोपांतल्या कापड धुणाऱ्या व रंगविणाऱ्या लोकांस लांकडाच्या राखेपासून केलेला क्षार विकत घ्यावा लागे, आणि त्यांत माती, मीठ, भुसा काय वाटेल तें मिसळलेलें असे. गोणींत खरा क्षार किती, हा पैशाचा प्रश्न होता. १७५६ सालीं स्कॉटलंडांतील फ्रान्सिस होम नांवाच्या वैद्यानें क्षाराच्या द्रावणांत पातळ अम्ल चमच्याचमच्यानें घालून, फसफस थांबेपर्यंत किती चमचे लागले ते मोजून मालाची प्रत ठरविली. (ह्याच गृहस्थानें शेतीच्या मूलतत्त्वांवरहि एक ग्रंथ लिहिला आहे, हें आपल्या मासिकाच्या वाचकांस आवडेल.) पुढें १८०६ सालीं देक्रुआझिल ह्या फ्रेंच गृहस्थानें त्याच कामासाठीं खुणांची नळी प्रसिद्ध केली. चमच्याची नळी झाली, नळीस चावी बसली. परंतु प्रश्न राहिला तो एकच, गोणींत खरा माल किती.

तसला माल आपल्या शिवेलगतच आहे. रिसोडच्या पश्चिमेस, शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यांत, लोणारचें सरोवर आहे. त्याच्या पाण्यांत धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा व मीठ हीं एकत्र आहेत. तेथील क्षार साबण आणि कांच करण्याच्या कामीं येतात ह्याचा उल्लेख अकबराच्या काळच्या ऐने-अकबरींत आहे, आणि पुढें कित्येक पिढ्या तेथून निरनिराळ्या प्रतींचा क्षार काढून विकला जात असे. त्या पाण्यांत फिनॉल्फथॅलिनचा थेंब टाकला तर तें तत्काळ गुलाबी होतें. २०२० च्या जून महिन्यांत सबंध सरोवरच गुलाबी दिसलें आणि मोठी गर्दी झाली, त्याचें कारण मात्र हें नव्हे. तो रंग खाऱ्या पाण्यांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा होता, असें पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें तपासून सांगितलें.

आपल्या विहिरींचें पाणी लोणारचें नाहीं हें खरें. पूर्णेच्या खोऱ्यांतला खारपाणपट्टाहि आपल्या पठाराच्या खालीं, उत्तरेस राहतो. तरी विहिरीच्या पाण्यांत बायकार्बोनेट असतेंच, आणि बोअर जसजशी खोल जाते तसतसें तें पुष्कळ ठिकाणीं वाढलेलें आढळतें. ठिबकाच्या छिद्रांत पांढरी पपडी बसते ती त्याचीच. ही पपडी काढण्यासाठीं नळ्यांतून अम्ल सोडावें असें सांगतात, आणि शेतकरी शेजाऱ्याने जेवढें सोडलें तेवढेंच आपणहि सोडतो. येथेंहि तीच नळी कामीं येते. विहिरीचें पाणी ५० मिलिलिटर घ्यावें, त्यांत मिथिल ऑरेंजचे दोन थेंब घालावे. पाणी पिवळें होईल. मग नॉर्मलच्या पन्नासाव्या हिश्शाच्या शक्तीचें अम्ल ब्युरेटमधून सोडावें. पिवळा रंग नारिंगी होऊन तांबडेपणाकडे वळला कीं थांबावें. असे २० मिलिलिटर लागले, तर लिटरभर पाण्यांतल्या अल्कतेस मारण्यास ८ मिलिनॉर्मल हिस्से अम्ल लागेल. म्हणजे हजार लिटर पाण्यास १० नॉर्मल शक्तीचें बाजारी अम्ल ८०० मिलिलिटर. शेजाऱ्याच्या विहिरीस १० मिलिलिटरच लागले असतील, तर त्यास ह्याच्या निम्में पुरेल. एकच माप दोघांनीं वापरलें तर एकाची पपडी निघणार नाहीं आणि दुसऱ्याच्या झाडांच्या मुळांशीं नको तेवढें अम्ल जाईल. बाजारी अम्लाच्या कॅनची शक्ति प्रथम तपासली पाहिजे हें आतां निराळें सांगावयास नको.

पाणी जमिनीस मानवेल कीं नाहीं हें ठरवितांनाहि ह्याच तपासणीचा आंकडा लागतो. पाण्यांतील कार्बोनेट-बायकार्बोनेटमधून चुना व मॅग्नेशियम वजा करून जें उरतें, तें १.२५ च्या आंत असेल तर पाणी निर्धोक आणि २.५ च्या वर गेलें तर पाटबंधाऱ्यास अयोग्य मानतात. तसलें पाणी वर्षानुवर्षें दिल्यास काळी जमीन चोपण होते. तो विषय मोठा आहे व त्यास स्वतंत्र लेख पाहिजे.

माझ्या ह्या म्हणण्यावर एक आक्षेप मला अगोदरच ऐकूं येतो: शेतकऱ्यानें नांगर धरावा कीं काचेच्या नळ्या? प्रत्येकानें नळ्या धराव्या असें मी म्हणत नाहीं. हायड्रोक्लोरिक अम्ल व कॉस्टिक सोडा कातडी आणि डोळे जाळतात, ऑक्झॅलिक अम्ल विषारी आहे. मुलांबाळांच्या घरीं हे जिन्नस फडताळांत ठेवण्यासारखे नव्हेत, आणि अम्ल पातळ करतांना तें पाण्यांत घालावयाचें, पाणी अम्लांत कधींहि नाहीं, एवढें ज्याच्या अंगवळणीं पडलें नाहीं त्यानें ह्या वाटेस जाऊं नये. परंतु जो धान्य विकतांना काट्याकडे पाहतो, काट्याची दांडी मधोमध आहे ना हें पाहतो, त्यानें मातीचा कागद घेतांना दोन प्रश्न विचारण्यास कोणती हरकत आहे? कोरी तपासणी किती आली, आणि द्रावणाची शक्ति कोणत्या तारखेस ताडून पाहिली. जी प्रयोगशाळा काम नीट करते तिला ह्या दोन ओळी छापण्यास शाई लागेल तेवढीच. जी करीत नाहीं तिला मात्र त्या छापण्यासाठीं काम करावें लागेल.

मुक्त चुन्याची तपासणी निराळी मागून घ्यावी लागते, हें ध्यानांत ठेवावें. अकोल्याचें डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठ व रिसोड तालुक्यांतील करडा येथील कृषि विज्ञान केंद्र ह्यांजकडे फळबागेसाठीं नमुना कसा घ्यावा ह्याची चौकशी प्रथम करावी, खड्डा तीन फूट खणून थरांचे नमुने वेगळे बांधावे, आणि प्रत्येक नमुन्याची अर्धी वांटणी घरीं ठेवावी. आंकडा रेषेच्या जवळ आला तर ती दुसरीकडे पाठवून पाहावी. बागेच्या खर्चापुढें दुसऱ्या तपासणीचा खर्च तो काय? आंकडा आठ-नऊच्या घरांत असेल, तर जंभेरीपेक्षां चुनखडी अधिक सोसणारा रंगपूर लाइमचा खुंट मागावा. बाराच्या वर असेल तर कलमवाला कितीहि गोड बोलो, घरीं परत यावें.

आपल्या मंडळापुरती माझी सूचना एवढीच आहे कीं, कचेरींत एक ब्युरेट, एक पिपेट व ताडून पाहण्याचे शुद्ध जिन्नस आणून ठेवावे, आणि विज्ञान शिकलेल्या एका तरुणास मानधन देऊन ठिबकाच्या मोसमांत सभासदांच्या विहिरींचें पाणी तपासून द्यावें. मातीचें काम तूर्त बाहेरच होऊं द्यावें. परंतु ज्यानें पाण्याची तपासणी स्वतःच्या डोळ्यांनीं दोनदां पाहिली, तो मातीच्या कागदाकडे पूर्वींसारखा पाहणार नाहीं. मंडळानें आजवर आदरसत्कारांत हारतुऱ्यांवर जेवढें खर्च केलें, त्याच्या एका वर्षाच्या रकमेंत हें सारें सामान येईल असा माझा अंदाज आहे. आणि हा मात्र नजरअंदाज आहे, हें कबूल करतों.

माझ्या त्या दोन एकरांतलीं झाडें गेल्या उन्हाळ्यांत काढलीं. यंदा तेथें तूर आहे आणि ती उत्तम आहे. बांधाजवळचीं सात झाडें मुद्दाम राहूं दिलीं आहेत. पालवी फुटली कीं पिवळीं पानें आणि हिरव्या शिरा तेथें पाहावयास मिळतील. डब्यांत अद्यापि पाव किलोभर माती शिल्लक आहे. ज्या कोणास आपल्या नेहमींच्या प्रयोगशाळेची परीक्षा घ्यावयाची असेल, त्यानें मंडळाच्या कचेरींत निरोप ठेवावा. मी मूठभर माती पुडींत बांधून देईन. उत्तर काय यावयास पाहिजे तें वर लिहिलेंच आहे.